खासगी माहितीचा नियम सगळ्यांना सारखा कसा लावायचा: गेमिंग कम्युनिटीच्या मॉडरेटरांसाठी

जवळपास प्रत्येक गेमिंग सर्व्हरच्या (खेळाडूंच्या ऑनलाइन अड्ड्याच्या) नियमांत एक ओळ असते: ‘कुणाचीही खासगी माहिती टाकू नये.’ आणि जवळपास प्रत्येक सर्व्हरवर ही ओळ माणूस बघून लागू होते. जुन्या क्लॅनमेटने (आपल्याच गटातल्या खेळाडूने) गमतीत दुसऱ्याचं खरं नाव आणि कॉलेज लिहिलं, तर खाली हसरे इमोजी पडतात आणि मेसेज तसाच राहतो. नव्या खेळाडूने अ‍ॅडमिनच्या बाबतीत हेच केलं की थेट बॅन. रात्रीचा मॉड (मॉडरेटर) कडक, दुपारचा मवाळ. एखादा चीटर म्हणून बदनाम असेल, तर त्याचा फोन नंबर उघड्यावर पडून राहतो आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

मॉड वाईट असतात म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. खरी गडबड अशी की दोन वेगवेगळे निर्णय एकाच दमात घेतले जातात. पहिला निर्णय मजकुराचा: ही माहिती इथे राहणार की जाणार? दुसरा माणसाचा: टाकणाऱ्याचं काय करायचं? हे दोन्ही एकत्र बांधले की मित्राला शिक्षा नको म्हणून मेसेज राहतो आणि नावडत्याला हाकलायचं म्हणून फुटकळ मेसेजही ‘गंभीर’ ठरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे दोन निर्णय एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी आहेत. मजकुराचा निर्णय झटपट घ्यायचा, कोण-कुणाचा हे न बघता. माणसाचा निर्णय सावकाश, सगळा संदर्भ बघून.

उदाहरणं बहुतेक डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपची दिली आहेत, कारण बहुतेक क्लॅन आणि गिल्ड तिथेच जमतात. गेमच्या आतलं चॅट, स्वतःचा माइनक्राफ्ट सर्व्हर किंवा ट्विचवरचं चॅट सांभाळणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल.

पायरी १: आधी मागची प्रकरणं मांडा

नवा नियम लिहायला बसण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांतली खासगी माहितीची प्रकरणं शोधून एका तक्त्यात घाला. रकाने एवढेच: काय प्रकारची माहिती होती, कुणी टाकली, कुणाबद्दल होती, किती वेळ दिसत राहिली, मजकुराचं काय केलं, माणसाचं काय केलं. मूळ माहिती तक्त्यात पुन्हा लिहू नका. ‘फोन नंबर’, ‘घराचा फोटो’ एवढं पुरे. नाहीतर लीक थांबवायला बसलेले तुम्हीच सगळ्या लीकचा एकत्र साठा करून ठेवाल.

शोधताना एक अडचण येईल. डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग, म्हणजे सर्व्हरवर कुणी काय बदललं याची नोंदवही, ४५ दिवसांपर्यंतच्याच नोंदी दाखवतो. मॉडने कुणाचा मेसेज उडवला हे त्यात कळतं, पण मेसेजमध्ये काय होतं ते कळत नाही. सदस्याने स्वतःचा मेसेज स्वतः उडवला तर त्याची नोंदच होत नाही. त्यामुळे जुन्या गोष्टींसाठी मॉड चॅनेलमधली चर्चा आणि सदस्यांच्या तक्रारी चाळाव्या लागतात.

तक्ता झाला की शिक्षांचा रकाना बाजूला ठेवा आणि ‘किती वेळ दिसत राहिली’ हा रकाना ‘कुणाबद्दल होती’ या रकान्याशेजारी धरून वाचा. दुजाभाव तिथे सापडतो. मॉडच्या मित्रांबद्दलची माहिती मिनिटांत गेलेली असते आणि भांडकुदळ, बॅन झालेल्या किंवा अगदी नव्या खेळाडूंची तासन्‌तास राहिलेली असते. हा तक्ता सगळ्या मॉडनी एकत्र बघावा, पण त्यावरून कुणाला धारेवर धरू नये. धरलं की पुढच्या वेळी नोंदी येणंच बंद होईल.

पायरी २: ‘खासगी’ म्हणजे काय, ते लिहून काढा

‘खासगी माहिती’ हा शब्द प्रत्येक मॉडच्या डोक्यात वेगळा असतो. एकाला खरं नाव म्हणजे काहीच वाटत नाही, दुसऱ्याला तेच सगळ्यात धोकादायक वाटतं. म्हणून यादी हवी, आणि तिचे दोन गट करावेत.

पहिल्या गटातला मजकूर नेहमी काढायचा, स्वतःचा असला तरी: घराचा पत्ता, फोन नंबर, ओळखपत्राचा फोटो, बँक किंवा कार्डाचे तपशील, पासवर्ड, आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), आत्ता माणूस नेमका कुठे आहे ते सांगणारी कुठलीही गोष्ट. शाळा किंवा कामाचं ठिकाणही यातच धरावं, कारण तिथे माणूस ठरलेल्या वेळी सापडतो.

दुसऱ्या गटातला मजकूर त्या व्यक्तीने स्वतः इथे उघड केला असेल तरच राहू शकतो: खरं नाव, चेहऱ्याचा फोटो, वय, शहर, आवाजाची क्लिप, दुसरीकडची सोशल मीडिया अकाउंट, नातीगोती, आजारपण, लिंग किंवा लैंगिकतेबद्दलची माहिती, पूर्वीचं नाव. ‘इथे’ हा शब्द महत्त्वाचा. एखाद्याने पाच जणांच्या व्हॉइस चॅनेलवर नाव सांगितलं म्हणजे ते हजार जणांच्या चॅनेलवर लिहायची परवानगी दिली, असं होत नाही. आणि दिलेली परवानगी परतही घेता येते. ‘माझं नाव आता वापरू नका’ असं कुणी म्हटलं की त्या क्षणापासून ते नाव काढण्याच्या यादीत गेलं, कारण विचारायचं नाही.

बऱ्याच याद्यांमध्ये एक गोष्ट सुटते. दोन अकाउंट एकाच माणसाची आहेत हे जाहीर करणं, ही सुद्धा खासगी माहिती आहे. कुणी एका हँडलने (ऑनलाइन टोपणनावाने) शांतपणे रेड खेळत असतो आणि दुसऱ्या हँडलने अगदी वेगळ्या विषयावर लिहीत असतो. ‘हा म्हणजे तोच’ एवढ्या तीन शब्दांनी त्याचं दुसरं आयुष्य उघडं पडतं.

तुकड्यांचं काय करायचं, हा यादीतला सर्वात अवघड भाग. वाढदिवस एका चॅनेलमध्ये, शहर दुसऱ्यात, व्यवसाय तिसऱ्यात. प्रत्येक तुकडा एकटा निरुपद्रवी. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० मध्ये अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिन कोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेव ठरू शकते. नंतरच्या एका अभ्यासात हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला, पण मुद्दा बदलत नाही. यासाठी साधा नियम ठेवा: खेळाडूने स्वतः बोलता बोलता टाकलेले सुटे तुकडे राहू द्या, पण दुसऱ्या कुणी ते वेचून एकत्र मांडले तर तो मेसेज पहिल्या गटात धरा, त्यातला प्रत्येक तुकडा ‘आधीच उघड’ असला तरी.

पायरी ३: नेहमीच्या सबबी आधीच निकालात काढा

मेसेज काढला की वाद ठरलेला. आणि मॉडची मतं फाटतात ती नियमावर नाही, सबबींवर. म्हणून नियमाखाली सबबींची उत्तरंही लिहून ठेवा.

*‘माहिती चुकीचीच आहे, मग काय बिघडलं?’* बिघडतं. २८ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात ‘कॉल ऑफ ड्यूटी’वरच्या दीड डॉलरच्या पैजेवरून दोन खेळाडूंचं भांडण झालं. एकाने दुसऱ्याला आपला जुना पत्ता दिला आणि ‘ये बघू’ म्हणून आव्हान दिलं. तिसऱ्याच माणसाने पोलिसांना फोन करून त्या पत्त्यावर खून झाल्याची, लोकांना ओलीस धरल्याची थाप मारली. घरात तेव्हा भलतंच कुटुंब राहत होतं. दारात आलेल्या २८ वर्षांच्या माणसाला पोलिसांची गोळी लागली आणि तो गेला. त्याचा त्या सामन्याशी काडीचाही संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. पत्ता खरा की खोटा हे तपासत बसणं मॉडचं काम नाही. खोटा पत्ताही कुणाच्या तरी घराचाच असतो. उलट, तपासायला गेलात तर तुम्हीच त्या माणसाचा शोध घ्यायला लागता.

*‘नावच तर आहे.’* जुलै २०१० मध्ये ब्लिझर्ड कंपनीने आपल्या अधिकृत चर्चामंचावर खेळाडूंची खरी नावं दाखवण्याची घोषणा केली. नाव दिसल्याने काही होत नाही हे पटवायला कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने स्वतःचं नाव जाहीर केलं. बघता बघता लोकांनी त्यावरून त्याची बाकीची माहिती शोधून काढली. ६ जुलैची घोषणा ९ जुलैला मागे घेतली गेली. नाव हे दोऱ्याचं एक टोक असतं, एवढं मॉडनी लक्षात ठेवलं तरी पुरे.

*‘गूगलवर मिळतंच की.’* मिळत असेल. पण शोधणाऱ्याला शोधावं लागतं, आणि इथे तुम्ही ते चिडलेल्या लोकांच्या हातात आयतं देता.

*‘तो स्वतःच बोलला होता.’* दुसऱ्या गटाचा नियम बघा. स्वतः इथे उघड केलं असेल आणि अजून मागे घेतलं नसेल तर राहील, एरवी जाईल.

*‘पण तो स्कॅमर आहे!’* या सबबीला वेगळी पायरी लागते, पुढे येईल.

पायरी ४: पहिली दहा मिनिटं

या पायरीत कुठल्याही मॉडने विचार करायचा नसतो, क्रम पाळायचा असतो. म्हणून हा क्रम मॉड चॅनेलमध्ये पिन करून ठेवा.

१. मेसेजचा एकच स्क्रीनशॉट घ्या आणि मेसेजचा व टाकणाऱ्याचा आयडी टिपून घ्या. स्क्रीनशॉट ठरलेल्या एकाच जागी जाईल, सगळ्या मॉडच्या गप्पांत नाही.

२. मेसेज काढा. कुणाला विचारत बसू नका. शंका असेल तरी काढा. चुकून काढलेला मेसेज पुन्हा टाकता येतो, चुकून राहिलेला पत्ता परत घेता येत नाही.

३. प्रती शोधा. कुणी उत्तरात तेच पुन्हा लिहिलं आहे का, फॉरवर्ड केलं आहे का, पिन झालं आहे का, थ्रेडच्या नावात आलं आहे का? चॅट दुसरीकडे जोडलेलं असेल, म्हणजे गेममधला मेसेज डिस्कॉर्डवर उमटत असेल, तर दोन्हीकडे काढावं लागेल.

४. लॉग बॉट (नोंदी ठेवणारा, आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तपासा. हे हमखास विसरलं जातं. अनेक सर्व्हरवर काढलेला प्रत्येक मेसेज बॉट एका लॉग चॅनेलमध्ये जसाच्या तसा उतरवतो. म्हणजे सदस्यांच्या नजरेतून गेलेला पत्ता वीस मॉडसमोर कायमचा उभा. तिथूनही काढा.

५. ज्याची माहिती होती त्याला डीएम (थेट खासगी मेसेज) करा. नेमकं सांगा: काय आलं होतं, साधारण किती वेळ दिसत होतं, आता काढलं आहे. ‘काळजी करू नका’ असं म्हणू नका. काळजी करायची की नाही हे त्याला त्याच्या परिस्थितीवरून ठरवू द्या.

६. चॅनेलवर एकच तटस्थ ओळ टाका: ‘नियमानुसार एक मेसेज काढला आहे. त्यावर इथे चर्चा नको.’ कुणाचं काय काढलं ते लिहू नका. ‘अमुकचा पत्ता काढला आहे’ असं लिहिलंत की ज्यांनी बघितलं नव्हतं तेही स्क्रीनशॉट मागत फिरतील.

काही तांत्रिक मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या. डिस्कॉर्डवर कुणाला बॅन करताना त्याचे मागचे मेसेज उडवण्याचा पर्याय असतो, पण तो जास्तीत जास्त ७ दिवसांचा. बॉटने एकगठ्ठा मेसेज काढायचे तर ते १४ दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत. त्यापेक्षा जुने एकेक करून काढावे लागतात. त्यामुळे ‘बॅन केलं, म्हणजे सगळं गेलं’ असं धरून चालू नका.

धमकी, स्वॅटिंगची (थाप मारून कुणाच्या घरी पोलीस पाठवण्याची) भाषा किंवा कुणाचे नग्न वा खासगी क्षणांचे फोटो असतील तर क्रम तोच, पण लगेच प्लॅटफॉर्मच्या सुरक्षा विभागाकडेही तक्रार जाते आणि पीडित व्यक्तीला पोलिसांकडे जाण्याचं सुचवलं जातं. अल्पवयीनाचा असा फोटो असेल तर स्क्रीनशॉट मुळीच घ्यायचा नाही. मेसेजची लिंक आणि आयडी टिपा, आधी प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा आणि मग काढा.

पायरी ५: टाकणाऱ्याचं काय करायचं

आता हेतू, इतिहास, संदर्भ सगळं बघायचं. घाई नाही, मजकूर गेलेला आहे. गरज वाटली तर माणसाला तात्पुरता टाइमआउट (काही काळ बोलायची बंदी) देऊन ठेवा. डिस्कॉर्डवर तो २८ दिवसांपर्यंत देता येतो, म्हणजे चर्चेला भरपूर वेळ आहे.

प्रश्न तीन. मुद्दाम केलं की अनवधानाने? नुकसान करण्यासाठी केलं का? आधी सांगितलेलं असूनही केलं का? मित्राला खऱ्या नावाने हाक मारणाऱ्याला एक नम्र मेसेज पुरतो. चिडून कुणाचं अकाउंट शोधून टाकणाऱ्याला टाइमआउट आणि लेखी ताकीद. ‘सगळे याला फोन करा’ म्हणून नंबर टाकणाऱ्याला पहिल्याच वेळी कायमचा बॅन, मग तो सर्व्हर उभारणाऱ्यांपैकी का असेना.

हा निर्णय कोण घेतं, यावर सगळं अवलंबून आहे. ज्या मॉडची माहिती उघड झाली किंवा जो टाकणाऱ्याचा जवळचा आहे, त्याने मत द्यायचं नाही. किमान दोन मॉडनी ठरवायचं आणि कारण एका ओळीत नोंदवायचं. ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ हे कारण चालत नाही, ना सोडायला, ना हाकलायला. मॉडने स्वतः नियम मोडला तर शिक्षांच्या या शिडीवर (नम्र मेसेज, टाइमआउट, बॅन) एक पायरी वरूनच सुरुवात, कारण त्याला नियम पाठ असायला हवा होता. छोट्या सर्व्हरवर तीनच मॉड असतात आणि तिघेही एकमेकांचे मित्र असतात. अशा वेळी शेजारच्या एखाद्या क्लॅनच्या विश्वासू मॉडला, नावं न सांगता, प्रकरण दाखवून मत घेतलेलं चांगलं.

पायरी ६: स्कॅमर आणि चीटर

सर्वात जास्त नियम इथे मोडले जातात, आणि मोडताना सगळ्यांना आपण न्याय करतोय असं वाटत असतं. कुणी स्किन (गेममधली सजावटीची वस्तू) घेऊन पैसे दिले नाहीत, कुणी अकाउंट विकून परत हिसकावलं. फसलेला खेळाडू पुरावा म्हणून पेमेंटची पावती, खरं नाव, बँक खाते क्रमांक, चेहऱ्याचा फोटो सगळं एकत्र टाकतो. लोक शेअर करतात. मॉड मनातून त्याच्याच बाजूचे असतात.

पण विचार करा, ते खातं कुणाचं आहे हे कुणी पडताळलं? फसवणारे बऱ्याचदा दुसऱ्याचं खातं, दुसऱ्याचा नंबर, चोरलेला फोटो वापरतात. तो फोटो ज्याचा आहे त्याला उद्या शंभर शिव्या पडतील आणि त्याला कारणही कळणार नाही.

नुसतं ‘टाकू नका’ म्हणून हे थांबत नाही, कारण फसलेल्याला खरंच मदत हवी असते. त्याला दुसरी वाट द्या. तक्रारीसाठी खासगी तिकीट (तक्रारदार आणि ठरलेले मॉड यांनाच दिसणारी नोंद) उघडायची सोय करा. पुरावे फक्त तिकीट बघणाऱ्या मॉडना दिसतील. सार्वजनिक इशाऱ्यात फक्त गेममधलं हँडल, प्लॅटफॉर्मवरचा आयडी, तारीख आणि काय घडलं एवढंच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरचा १७ अंकी आयडी नाव बदललं तरी तोच राहतो, त्यामुळे इशाऱ्यासाठी तो खऱ्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी. पैशांचा तपशील घेऊन बँकेकडे किंवा पोलिसांकडे कसं जायचं, हेही तिकिटातच सांगा. ज्या सर्व्हरवर ही वाट नीट चालते तिथे लोक आपणहून जाहीर बदनामी कमी करतात. जिथे तिकिटाला आठवडाभर उत्तर येत नाही तिथे नियम कितीही कडक असो, नंबर चॅनेलवरच पडणार.

पुराव्याचा स्क्रीनशॉट सार्वजनिक टाकावाच लागला तर मजकूर झाकायची पद्धत ठरवून द्या. फोनमधल्या हायलायटरने केलेली काळी रेघ अनेकदा अर्धपारदर्शक असते आणि ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. भरीव चौकोन वापरा. नुसतं क्रॉप करूनही भागेलच असं नाही: मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनवरच्या मार्कअप टूलने क्रॉप केलेल्या प्रतिमांमध्ये कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहत होता आणि तो परत काढता येत होता. झाकलेल्या चित्राचा पुन्हा एक स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो टाकायचा, हा सोपा उपाय.

पायरी ७: बॉटला राखणीला बसवा, न्यायाला नाही

डिस्कॉर्डमध्ये २०२२ पासून ऑटोमॉड आहे. ठरवलेले शब्द किंवा नमुने दिसले की तो मेसेज अडवतो आणि मॉडना कळवतो. ईमेल पत्ते पकडायला हे उत्तम. फोन नंबरांच्या बाबतीत मात्र जपून: दहा-बारा आकडे दिसले की अडव असा नमुना लावलात तर डिस्कॉर्डचे आणि स्टीमचे लांबलचक आयडी, बॉसला दिलेलं डॅमेज, मार्केटमधले भाव हे सगळं अडकायला लागेल. म्हणून बॉटने अडवावं आणि मॉडला दाखवावं, एवढंच. आपोआप टाइमआउट नको.

लोक पळवाटा काढतातच. आकडे अक्षरांत लिहितील, मध्ये ठिपके देतील, देवनागरी अंक वापरतील, नंबर चित्रात टाकतील. फिल्टर लावल्यावर तुमची मंडळी ज्या ज्या लिपीत लिहितात त्या सगळ्यांत स्वतः चाचणी घ्या. आणि ऑटोमॉडचा इशारा ज्या चॅनेलमध्ये येतो तिथे अडवलेला मजकूर दिसतो, त्यामुळे ते चॅनेल कोण बघू शकतं हेही तपासा.

पायरी ८: मॉडच्या हातात किती माहिती आहे?

स्वतःचा माइनक्राफ्ट सर्व्हर चालवणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक खेळाडूचा आयपी अ‍ॅड्रेस उतरतो. काही प्लगिन (सर्व्हरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) एका कमांडवर खेळाडूचा आयपी किंवा त्याच आयपीवरची इतर अकाउंट दाखवतात. मग एखादा मॉड चॅटमध्ये सहज म्हणतो, ‘अरे हा नवा नाही, त्या अमक्याच्याच आयपीवरून येतोय.’ घरातल्या दोन भावंडांचं नातं असं उघड होतं, आणि ते उघड करणारा कुणी ट्रोल नसतो.

कोणाला कोणती कमांड, कोणतं चॅनेल, कोणता लॉग दिसतो याची यादी करा आणि ज्याला कामासाठी लागत नाही त्याची परवानगी काढा. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही हे आधीच सांगा, म्हणजे रुसवेफुगवे कमी होतील. मॉडचं अकाउंट हॅक झालं तर तिकिटांतले सगळे पुरावे बाहेर जातील, म्हणून मॉडरेशनसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची करायची सेटिंग डिस्कॉर्डवर चालू करून ठेवा.

पुराव्यांना मुदत हवी. प्रकरण मिटलं आणि दाद मागायची मुदत संपली की स्क्रीनशॉट नष्ट करायचा. तक्त्यात फक्त ‘फोन नंबर, मुद्दाम, दुसरी वेळ’ अशी ओळ ठेवायची. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर कायदा लोकांना आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क देतो. तुमच्या सर्व्हरला तो लागू होतो की नाही हा किचकट प्रश्न आहे, पण जे ठेवलंच नाही ते पुसावंही लागत नाही.

पायरी ९: सगळ्यांना तीच प्रकरणं सोडवायला द्या

नियम लिहून झाला म्हणजे सगळे तो सारखाच वाचतात असं नाही. दहा-बारा काल्पनिक प्रसंग लिहा, प्रत्येक मॉडला तेच प्रसंग स्वतंत्रपणे सोडवायला द्या, एकमेकांशी बोलू देऊ नका. प्रत्येकाने दोनच उत्तरं द्यायची: मजकूर राहील की जाईल, आणि माणसाचं काय. मग उत्तरं शेजारी मांडा. परीक्षकांचं एकमत मोजायला संशोधनात जेकब कोहेनने १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ नावाचा गुणांक वापरतात, कारण निव्वळ योगायोगानेही उत्तरं काही प्रमाणात जुळतात. तुम्हाला एवढ्या खोलात जायची गरज नाही. मजकुराच्या उत्तरात दोन प्रसंगांपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद निघाले, तर मॉडला समजावत बसण्याआधी नियमातली ती ओळ पुन्हा लिहा.

सुरुवातीला हे प्रसंग वापरून बघा.

कुणी जनरल चॅनेलवर एका खेळाडूला खऱ्या नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. तो खेळाडू इथे फक्त हँडलने वावरतो. मजकूर जाईल, शिक्षा नाही.

एक स्ट्रीमर स्वतःच्या इथल्या प्रोफाइलवर खरं नाव लावते. कुणी ते नाव लिहितो. राहील. तोच तिच्या इमारतीचा फोटो टाकतो. जाईल, आणि शिडीवरची पायरी हेतूवरून ठरेल.

एक लहान मुलगा ‘मला स्क्वॉडमध्ये घ्या’ म्हणून स्वतःचाच फोन नंबर टाकतो. जाईल, शिक्षा नाही, आणि ओरडायचंही नाही; चॅनेलवर हसं होणार नाही अशा बेताने डीएममध्ये समजावायचं. त्याचं वय प्लॅटफॉर्मच्या किमान वयापेक्षा कमी असल्याचं त्याने स्वतः सांगितलं, तर प्लॅटफॉर्मचा नियम लागू. डिस्कॉर्डवर ते किमान १३ आहे.

बॅन चुकवून आलेल्या माणसाला कुणी ओळखतो आणि जाहीर करतो. मजकूर जाईल, तक्रार तिकिटात घ्यायची आणि तपासायची. तक्रार खरी निघाली तरी मेसेज परत येणार नाही.

भांडणात कुणी लिहितो, ‘तू कुठे राहतोस ते मला माहीत आहे.’ इथे माहिती काहीच नाही. तरी मेसेज जाईल, पण धमकीच्या नियमाखाली, आणि शिक्षा मोठी.

शेवटच्या प्रसंगात अर्ध्या मॉडची उत्तरं चुकतात: बॅन झालेला एक जण अ‍ॅडमिनचा म्हणून भलताच पत्ता टाकतो, आणि अ‍ॅडमिन स्वतःच हसून म्हणतो, ‘राहू दे, खोटा आहे.’ जाईल. अ‍ॅडमिनला त्यावर नकाराधिकार नाही, कारण तो पत्ता त्याचा नाहीच.

पायरी १०: दाद आणि हिशेब

शिक्षा झालेल्याला दाद मागता यावी, आणि ती आधी निर्णयात नसलेल्या मॉडकडे जावी. दाद फक्त शिक्षेविरुद्ध. काढलेला मजकूर परत आणायची मागणी फक्त तो ज्याच्याबद्दल होता ती व्यक्तीच करू शकते, आणि तीही फक्त दुसऱ्या गटातल्या माहितीसाठी.

दर महिन्याला सदस्यांसमोर तीन आकडे ठेवा: खासगी माहितीचे किती मेसेज काढले, तक्रार आल्यापासून काढेपर्यंत साधारण किती वेळ गेला, किती दाद अर्जांत निर्णय बदलला. नावं नाहीत, किस्से नाहीत. मॉडपुरता चौथा आकडा ठेवा: ज्यांची माहिती उघड झाली त्यांत मॉडच्या ओळखीचे किती आणि बाकीचे किती, आणि दोघांसाठी लागलेला वेळ किती. पायरी १ मधला रकाना तोच. दोन्ही वेळा एकमेकांजवळ येत नसतील, तर ज्या तासांना किंवा ज्या चॅनेलमध्ये फरक पडतो तिथे दुसरा मॉड बसवा.

मॉड पद सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा रोल, तिकिटांचा प्रवेश, बॉटच्या डॅशबोर्डचं लॉगिन आणि सर्व्हर कन्सोलची परवानगी काढा, आणि त्याच्या फोनमधले प्रकरणांचे स्क्रीनशॉट पुसायला सांगा.